एआयचा कायदा २०२४ चा, पण गोष्ट १९७० पासूनची

पीएचडीसाठी ‘एआय आणि शिक्षण’ किंवा ‘डीपफेक आणि कायदा’ असा काही विषय घ्यायचं मनात असेल, तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. विषय ‘अगदी नवा’ म्हणून मांडलात की आरआरसीसमोर पहिल्या पाच मिनिटांतच अडकाल. समितीत एखादे सर किंवा मॅडम असतातच, जे शांतपणे विचारतात, ‘‘बरं, याच्या आधी काय होतं?’’ आणि ‘चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं’ हे या प्रश्नाचं उत्तर नाही.

मी मूळची संख्याशास्त्राची. कायद्याची भाषा वाचायची सवय नव्हती, ती पीएचडीला आल्यावर लागली. सवय लागल्यावर लक्षात आलं की कायदा हा शोधनिबंधासारखाच वाचता येतो. निबंध हातात आला की आपण त्याचे संदर्भ उलटे शोधत जातो ना? हे वाक्य कुठून आलं, त्यांनी ते कुणाकडून घेतलं, असं मागे मागे. कलमांचंही तसंच करायचं. आज तेच करून दाखवते, एका कायद्यावर आणि मुख्यतः एका देशावर. देश फ्रान्स. का, ते पुढे कळेल.

सुरुवात आजपासून करू. युरोपियन युनियनचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ ला अमलात आला. मसुदा एप्रिल २०२१ चा, म्हणजे चॅटजीपीटीच्या आधीचा, हे लक्षात ठेवा. ११३ कलमं, १३ परिशिष्टं. सगळं वाचायला बसू नका, आपल्या कामाच्या जागा तीनच आहेत. पाचव्या कलमात बंदीची यादी आहे. त्यात शाळा-कॉलेजात विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावरून किंवा आवाजावरून भावना ओळखणारी यंत्रणा वापरायला मनाई आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून. ही बंदी २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. तिसऱ्या परिशिष्टात ‘जास्त जोखमीच्या’ वापरांची यादी आहे. प्रवेश ठरवणं, मूल्यमापन करणं, विद्यार्थ्याची पातळी ठरवणं आणि परीक्षेतली कॉपी पकडणं हे चारही त्यात आहेत. अशा यंत्रणेवर बंदी नाही, पण नोंदी ठेवा, माणसाची देखरेख ठेवा, विदा तपासा अशी जबाबदाऱ्यांची मोठी यादी आहे. आणि पन्नासावं कलम दृकश्राव्य माध्यमांचं: डीपफेक दाखवत असाल तर तो कृत्रिम आहे हे सांगा. कलाकृती किंवा विडंबन असेल तर सांगण्याची पद्धत सौम्य चालेल, पण सांगा.

वर्ग आणि पडदा अशी ही दोन टोकं आहेत. एकाच कायद्यात शेजारी बसली असली तरी त्यांची वंशावळ वेगवेगळी आहे. आधी पडद्याची घेऊ, ती लहान आहे.

फीत, ब्लेड आणि चिकटपट्टी

१७ जुलै १९७० ला फ्रान्समध्ये खासगी आयुष्याच्या संरक्षणाचा कायदा झाला. नागरी संहितेच्या नवव्या कलमात ‘प्रत्येकाला आपल्या खासगी आयुष्याचा आदर मिळण्याचा हक्क आहे’ या अर्थाचं वाक्य याच कायद्याने घातलं, आणि ते आजही तिथेच आहे. काळ टेपरेकॉर्डरचा. लांबून फोटो घेणारी भिंगं आणि खिशात मावणारे मायक्रोफोन बाजारात आलेले. चुंबकीय फीत ब्लेडने कापून, हवे ते शब्द पुढेमागे जोडून, माणसाच्या तोंडी त्याने कधीच न म्हटलेलं वाक्य घालता येत होतं. रेडिओत काम केलेल्या जुन्या माणसांना विचारा. फीत तिरकी कापायची आणि पट्टी लावायची, म्हणजे जोड ऐकू येत नाही.

तर या कायद्याने दंडसंहितेत एक गुन्हा नव्याने आणला. कुणाच्या शब्दांचा किंवा प्रतिमेचा ‘मोंताज’, म्हणजे जोडकाम, त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करणं. पण दोन अपवाद ठेवले. हे जोडकाम आहे हे उघडच दिसत असेल तर गुन्हा नाही. तसं स्पष्ट सांगितलेलं असेल तरी नाही.

आता पन्नासावं कलम पुन्हा वाचा. ‘सांगा, नाहीतर शिक्षा’ ही त्याची सगळी कल्पना १९७० मध्ये तयार होती. १९९४ मध्ये नवी दंडसंहिता लागू झाली तेव्हा हा गुन्हा कलम २२६-८ म्हणून त्यात आला. आणि २१ मे २०२४ च्या डिजिटल कायद्याने याच कलमात भर घातली, की अल्गोरिदमने तयार केलेला दृश्य किंवा श्राव्य मजकूरही मोंताजसारखाच धरावा. शिक्षा एक वर्षाची कैद आणि १५,००० युरो दंड. ऑनलाइन पसरवलं असेल तर दोन वर्षं आणि ४५,००० युरो. गंमत म्हणजे युरोपच्या मंत्रिपरिषदेने एआय कायद्यावर अंतिम मोहोर उठवली ती तारीखही २१ मे २०२४ च. योगायोग आहे, पण तोंडी परीक्षेत लक्षात राहायला बरा.

मधल्या काळातले दोन टप्पे घाईत सांगते. १ ऑक्टोबर २०१७ पासून फ्रान्समध्ये जाहिरातीतल्या मॉडेलचं शरीर संगणकावर बारीक किंवा जाड केलं असेल तर ‘फेरफार केलेलं छायाचित्र’ अशी ओळ टाकावी लागते. ९ जून २०२३ च्या इन्फ्लुएन्सर कायद्याने त्याला आणखी एक लेबल जोडलं. चेहरा किंवा शरीर एआयने बनवलेलं असेल तर ‘आभासी प्रतिमा’ असं लिहा. टप्प्याटप्प्याने लेबलांची सवय लागत गेली ती अशी.

लेबलाने सगळं सुटतं का? २ मे २०२२ ला फ्रान्स ३ या सरकारी वाहिनीवर तिएरी आर्दिसाँ यांचा ‘ओतेल द्यु ताँ’ नावाचा कार्यक्रम लागला. १९८७ मध्ये गेलेली गायिका दालिदा समोर बसून मुलाखत देते आहे, चेहरा डीपफेकचा, आवाज इरकाम या संगीत-संशोधन संस्थेने तयार केलेला. कुणाची फसवणूक नव्हती, दालिदा आता नाही हे प्रेक्षकाला ठाऊक होतं. लेबलाचा नियम इथे पाळला गेलाच. पण गेलेल्या माणसाच्या संमतीचं काय, हा प्रश्न लेबलाच्या पलीकडचा आहे. २०२५ च्या जानेवारीत तो पुन्हा उभा राहिला. सिल्व्हेस्टर स्टॅलोनला वर्षानुवर्षं फ्रेंच आवाज देणारे आलाँ दोर्व्हाल आदल्या वर्षी वारले होते. इलेव्हनलॅब्स कंपनीने त्यांचा आवाज एआयने पुन्हा घडवून एका नव्या चित्रपटासाठी नमुना जाहीर केला. दोर्व्हाल यांच्या कन्या ओरोर बेर्जे, ज्या तेव्हा मंत्री होत्या, म्हणाल्या की परवानगी फक्त चाचणीपुरती होती. डबिंग कलाकारांची मोहीम आधीपासून चालूच होती, तिला जोर आला. डबिंगचं काम करणाऱ्याला ‘हा आवाज कृत्रिम आहे’ या पाटीचा काय उपयोग? त्याचं काम तर गेलंच. माझ्या मते या बाजूला खरं संशोधन पाटीवर नाही, करारांवर व्हायला हवं.

सफारी

आता वर्ग. ही वंशावळ जास्त खोल आहे.

२१ मार्च १९७४ ला ‘ल मोंद’ या दैनिकात फिलिप बूशे या पत्रकाराचा लेख आला. शीर्षकाचा अर्थ साधारण ‘सफारी, अर्थात फ्रेंचांची शिकार’. सफारी हे एका सरकारी प्रकल्पाचं आद्याक्षरी नाव होतं. फ्रान्समध्ये प्रत्येकाला एक क्रमांक असतो. त्याची सुरुवात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, व्हिशी राजवटीत, रने कार्मीय या लष्करी सांख्यिकी अधिकाऱ्याच्या हातून झाली होती. (हे कार्मीय पुढे प्रतिकार चळवळीत सापडले आणि १९४५ मध्ये दाखाऊच्या छळछावणीत वारले. त्यांच्यावर एक वेगळा लेख होईल.) सफारीत तो क्रमांक संगणकावर आणून सरकारी खात्यांच्या फायली एकमेकींना जोडण्याची सोय होणार होती. ज्या देशाने तीसच वर्षांपूर्वी याद्या करून माणसं उचलून नेलेली पाहिली होती, तिथे हे शीर्षक पेटलं नसतं तरच नवल. आठवड्याभरात पंतप्रधान पिएर मेसमेर यांनी खात्यांना परवानगीशिवाय फायली जोडायला मनाई केली, आणि पुढे एक आयोग नेमला गेला.

त्यातून ६ जानेवारी १९७८ चा ‘संगणन आणि स्वातंत्र्य’ कायदा आला, आणि त्याच्या देखरेखीसाठी क्निल हा आयोग. पीएचडी करणाऱ्याने याची पहिली तीन कलमं वाचलीच पाहिजेत. एक पानही भरत नाही. दुसऱ्या कलमाचा आशय असा: माणसाच्या वर्तनाचं मूल्यमापन असलेला कोणताही न्यायालयीन निकाल यंत्राने काढलेल्या व्यक्तिचित्रावर आधारलेला नसेल. आणि कोणताही प्रशासकीय किंवा खासगी निर्णय केवळ त्याच आधारावर घेता येणार नाही. तिसरं कलम तर मला आजही चकित करतं. ज्या यंत्रप्रक्रियेचा निकाल तुमच्यावर लादला जातो, तिच्यात वापरलेली माहिती आणि तर्क जाणून घेण्याचा आणि त्याला आव्हान देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे.

माहिती तर ठीक, पण *तर्क* सुद्धा. १९७८ मध्ये!

दुसरं कलम पुढे १९९५ च्या युरोपीय विदा-निर्देशाच्या पंधराव्या कलमात गेलं, तिथून मे २०१८ मध्ये लागू झालेल्या जीडीपीआरच्या बाविसाव्या कलमात. जगभरचे शोधनिबंध बाविसाव्या कलमापासून सुरू होतात. तुम्ही १९७८ पासून सुरू करा.

पोस्टाने आलेली वीस पानं

फ्रान्समध्ये बारावीच्या तोडीची परीक्षा, म्हणजे बाकालोरेआ, उत्तीर्ण झालं की सरकारी विद्यापीठात प्रवेशाचा हक्क होता. गुणवत्ता यादी लावणं विद्यापीठाला कायद्याने मना. पण काही शाखांना जागांपेक्षा अर्ज कितीतरी जास्त. मग काय करायचं? २००९ पासून देशभर ‘आपेबे’ नावाची ऑनलाइन व्यवस्था होती. विद्यार्थी पसंतीक्रम भरायचा, यंत्र जागा वाटायचं. आपल्या कॅप राउंडची आठवण येईल तुम्हाला, आणि ती बरोबरच आहे. आतलं गणित गेल आणि शॅप्ली यांच्या १९६२ च्या प्रसिद्ध निबंधाच्या घराण्यातलं, स्थिर जुळणीचं. पसंतीक्रम आणि जागा एवढं दिलं की उत्तर काढता येतं. पण त्यासाठी प्रत्येक शाखेकडे विद्यार्थ्यांचा क्रम हवा, आणि क्रम लावायला तर मनाई. म्हणून गर्दीच्या शाखांत विभाग, पसंतीचा क्रमांक वगैरे पाहून शेवटी चिठ्ठ्या टाकल्या जायच्या. अर्थात यंत्राने.

मुलांना हे माहीत नव्हतं. कुठली अट आधी, कुठली नंतर, चिठ्ठी नेमकी कधी, कुणालाच धड कळेना. ‘द्रुआ दे लिसेयँ’ या शाळकरी मुलांच्या हक्कांसाठीच्या संघटनेने मंत्रालयाकडे अल्गोरिदमचा सोर्स कोड मागितला. बरीच टाळाटाळ झाली. अखेर ऑक्टोबर २०१६ मध्ये कोड मिळाला. कसा? कागदावर छापून, पोस्टाने. वीसेक पानं. स्वयंसेवकांनी तो परत टाइप केला आणि मग वाचला.

मला ही घटना फार महत्त्वाची वाटते, आणि मंत्रालयाच्या खवचटपणामुळे नाही. कोड हा सरकारी दस्तऐवज आहे आणि नागरिक तो मागू शकतो, हे त्या वीस पानांनी व्यवहारात सिद्ध केलं. त्याच महिन्यात मंजूर झालेल्या ‘डिजिटल प्रजासत्ताक’ कायद्याने हा हक्क आणखी पक्का केला. सप्टेंबर २०१७ मध्ये क्निलने आपेबेबद्दलची नोटीस जाहीर केली: इथे माणूस मध्ये कुठेच नाही, निर्णय फक्त यंत्राचा आहे, हे १९७८ च्या कायद्याविरुद्ध आहे, बदला. चाळीस वर्षांपूर्वीचं कलम चालू प्रवेशप्रक्रियेवर लागू पडलं.

(त्याच वर्षी इकडे मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याची नवी पद्धत घाईने आणली, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. तिथे अल्गोरिदम नव्हता, तपासणारी माणसंच होती. तरी तंत्र आणि मूल्यमापन यांच्या गोंधळाचा अभ्यास करायचा तर हे प्रकरणही यादीत ठेवा.)

पार्कूरसुप आणि गुप्ततेचं कलम

२०१८ मध्ये आपेबे गेलं, पार्कूरसुप आलं. चिठ्ठ्या बंद. आता प्रत्येक शाखेने अर्ज पाहून क्रम लावायचा, म्हणजे माणूस मध्ये आला. निदान कागदावर. पण शेकडो-हजारो अर्ज प्राध्यापकांची समिती वाचणार कधी? म्हणून मंत्रालयाने सोबत एक साधन दिलं. गुणांना, विषयांना हवा तो भार द्या, यादी आपोआप लागेल, मग समितीने तिच्यावर विचार करावा. याला विद्यार्थी ‘स्थानिक अल्गोरिदम’ म्हणू लागले.

मध्यवर्ती अल्गोरिदमचा कोड सरकारने मे २०१८ मध्ये उघड केला. स्थानिकांचा नाही. उलट पार्कूरसुपच्या कायद्यातच एक वाक्य घातलं, की समितीच्या चर्चेची गुप्तता राखण्यासाठी ही माहिती खुली करण्याचे सर्वसाधारण नियम इथे लागू नाहीत. एका दाराने आलेला हक्क दुसऱ्या दाराने बाहेर.

यात अडकलेलं काय होतं ते बघा. समजा दोन मुलींना गणितात १५ गुण आहेत (तिकडे २० पैकी असतात). एकीची शाळा पॅरिसच्या मध्यात, दुसरीची उपनगरातल्या गरीब वस्तीत. एखाद्या विभागाने तक्त्यात ‘शाळेचा दर्जा’ असा एक स्तंभ घातला आणि दुसऱ्या शाळेला ०.९ ने गुणलं, तर तिचे १५ चे १३.५ होतात. गर्दीच्या शाखेत दीड गुणात शेकडो मुलं असतात. आणि हा स्तंभ आहे की नाही हे तिला कधीच कळणार नाही, कारण चर्चा गुप्त. ही केवळ माझी कल्पना नाही. नागरिकांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या फ्रान्सच्या ‘हक्क-रक्षका’ने जानेवारी २०१९ मध्ये नेमका हाच इशारा दिला: शाळा हा निकष धरणं भेदभाव ठरू शकतो, आणि स्थानिक पद्धती खुल्या करा.

विद्यार्थी संघटना युनेफ न्यायालयात गेली. ४ फेब्रुवारी २०१९ ला कॅरिबियनमधल्या ग्वादलूपच्या प्रशासकीय न्यायालयाने आन्तिय विद्यापीठाला आदेश दिला, अल्गोरिदम द्या. चारच महिन्यांत, १२ जूनला, कोंसेय देताने, म्हणजे प्रशासकीय न्यायव्यवस्थेतल्या सर्वोच्च न्यायालयाने, तो रद्द केला. मागायचंच तर उमेदवाराने स्वतःपुरतं मागावं, संघटनेने नाही. मग प्रकरण घटना परिषदेकडे गेलं. ३ एप्रिल २०२० चा तिचा निर्णय म्हणजे मधली वाट आहे. गुप्ततेचं कलम घटनाबाह्य नाही, पण प्रवेशप्रक्रिया संपल्यावर प्रत्येक संस्थेने अहवाल काढून सांगितलं पाहिजे की कोणते निकष लावले आणि अल्गोरिदम किती प्रमाणात वापरला. आधार कुठला घेतला? १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं पंधरावं कलम, सार्वजनिक अधिकाऱ्याकडे कारभाराचा जाब मागण्याचा समाजाचा हक्क.

निर्णयाचं कौतुक होतं, पण मला तो अर्धाच वाटतो. अहवाल प्रक्रिया *संपल्यावर* येतो. त्या वर्षीच्या मुलीला त्याचा उपयोग नाही, पुढच्या वर्षीच्या मुलीला आहे. १९७८ च्या तिसऱ्या कलमात ‘आव्हान देण्याचा’ हा शब्द होता. तो इथे पातळ झाला.

याच परिषदेचा एक निर्णय दोन वर्षं आधीचा, १२ जून २०१८ चा, आणि आपल्यासारख्या विज्ञानवाल्यांना तो जास्त आवडेल. जो अल्गोरिदम आपलेच नियम स्वतः बदलू शकतो, आणि त्यावर प्रशासनाचा ताबा आणि पडताळणी नाही, तो एखाद्या व्यक्तीबद्दलच्या प्रशासकीय निर्णयाचा एकमेव आधार असू शकत नाही. थोडक्यात, विदेवरून शिकत राहणारं मॉडेल. न्यायाधीशांनी गणिताची भाषा न वापरता मुद्दा अचूक पकडला. तक्त्यातला ०.९ मला दाखवता येतो, त्यावर वाद घालता येतो. लाखो भार रोज बदलत असतील तर नेमका कुठला ‘तर्क’ दाखवणार?

शाळेच्या दारातला कॅमेरा

ही गोष्ट लहान आहे, पण पाचव्या कलमातल्या बंदीचं वातावरण कुठून आलं ते समजायला हवी. डिसेंबर २०१८ मध्ये दक्षिण फ्रान्सच्या प्रादेशिक परिषदेने ठरवलं, की नीस आणि मार्सेयच्या एकेका लिसेच्या दारात चेहरा ओळखणारी फाटकं बसवायची. तंत्रज्ञान सिस्को कंपनीचं. युक्तिवाद ओळखीचाच: वेळ वाचेल, सुरक्षा वाढेल, आणि मुलांची संमती घेऊच की! ऑक्टोबर २०१९ मध्ये क्निलने म्हटलं, हे गरजेचंही नाही आणि प्रमाणातही नाही. ओळखपत्र तपासूनही तेच साधतं. २७ फेब्रुवारी २०२० ला मार्सेयच्या प्रशासकीय न्यायालयाने ठरावच रद्द केला. त्यातलं कळीचं कारण असं की शाळा आणि विद्यार्थी यांच्यात अधिकाराचं नातं आहे, तिथे दिलेली सही ही मोकळी संमती धरता येत नाही.

स्वीडनमध्ये शेलेफ्तिओ गावाच्या एका शाळेत २२ मुलांची हजेरी तीन आठवडे अशीच चेहऱ्यावरून घेतली होती. तिथल्या विदा प्राधिकरणाने ऑगस्ट २०१९ मध्ये नगरपालिकेला २ लाख क्रोनरचा दंड केला तो याच तर्काने. तुम्ही विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेणार असाल, आणि त्या विद्यार्थ्यांना गुण तुमचे गाईडच देणार असतील, तर हा निकाल तुमच्या नीतिसमितीच्या अर्जालाही लागू आहे. हसू नका, खरंच विचारतात.

व्याख्येची भानगड

आता ज्या मुद्द्यासाठी हा सगळा प्रवास केला तो. २०२४ च्या एआय कायद्यात ‘एआय प्रणाली’ म्हणजे काय?

२०२१ च्या मसुद्याच्या पहिल्या परिशिष्टात यंत्र-शिक्षणाबरोबर तर्कनियमांवर चालणाऱ्या पद्धती आणि सांख्यिकी पद्धतीही होत्या. जाळं फारच मोठं होतं. माझा एमएस्सीचा समाश्रयणाचा प्रकल्पसुद्धा त्यात बसला असता. अंतिम मजकुरात ते परिशिष्ट गेलं. आता प्रणालीने दिलेल्या माहितीवरून अनुमान काढलं पाहिजे आणि तिच्यात काही प्रमाणात स्वायत्तता हवी. प्रस्तावनेच्या बाराव्या परिच्छेदात स्पष्ट केलंय, की फक्त माणसांनी घालून दिलेले नियम आपोआप चालवणारी प्रणाली यात धरायची नाही.

मग आपेबे? माणसांनी लिहिलेले नियम, पसंतीक्रम, चिठ्ठी. या व्याख्येनुसार तो एआय नाही. पार्कूरसुपचा भारांचा तक्ता? बहुधा नाही. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२० ला करोनामुळे परीक्षा न घेता ए-लेव्हलचे गुण काढले, तेव्हाचं ऑफक्वाल या नियामकाचं मॉडेलही पाहा. शिक्षकांनी मुलांचा क्रम द्यायचा, आणि त्या शाळेच्या मागच्या तीन वर्षांच्या निकालांच्या वाटणीवर तो क्रम बसवायचा. इंग्लंडमध्ये शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी ३९.१ टक्के श्रेणी खाली आल्या. ज्या विषयाला शाळेत अगदी थोडी मुलं होती, तिथे आकडेवारी अपुरी म्हणून शिक्षकांचीच श्रेणी ठेवली. लहान वर्ग कुणाकडे असतात? खासगी शाळांकडे. १३ ऑगस्टला निकाल, रस्त्यावर मुलं, आणि १७ ऑगस्टला सरकारने मॉडेल मागे घेतलं. त्यात न्यूरल नेटवर्क वगैरे काही नव्हतं, तृतीय वर्ष बीएस्सीला समजेल इतकी साधी सांख्यिकी. ब्रिटन तेव्हा युनियनमधून बाहेर पडलेला होता हे खरं, पण तेच मॉडेल उद्या एखाद्या सदस्य देशाने वापरलं तर ते एआय कायद्यात बसेल की नाही, यावर वकील तासभर भांडू शकतात.

म्हणजे गेल्या दहा वर्षांत प्रवेश आणि गुण यांच्यावरून जे मोठे गोंधळ झाले, त्यातले बरेचसे नव्या कायद्याच्या व्याख्येबाहेर राहू शकतात. ते पकडायला उपयोगी पडतं ते जुनंच, १९७८ चं कलम आणि त्याचे वंशज. कारण तिथे यंत्र किती हुशार आहे हे विचारलेलंच नाही. निर्णय कुणी घेतला आणि तर्क दाखवता येतो का, एवढंच विचारलंय. म्हणूनच मी फ्रान्स निवडला.

शिवाय नव्या कायद्याच्या तारखाही पुढे सरकवण्याचा प्रयत्न झाला. जास्त जोखमीच्या प्रणालींचे नियम मूळ मजकुरानुसार २ ऑगस्ट २०२६ पासून लागू व्हायचे होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने ते डिसेंबर २०२७ पर्यंत लांबवण्याचा प्रस्ताव मांडला. सिनॉप्सिसमध्ये ‘हा कायदा लागू झाला आहे’ असं सरसकट वाक्य लिहू नका. कुठलं कलम, कुठल्या तारखेपासून, हे प्रत्येक वेळी लिहा.

आपल्याकडे बघायचं तर

पडद्याच्या बाजूला मुंबई उच्च न्यायालयात चांगलं साहित्य आहे. जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या अर्जावर न्यायालयाने एआयने आवाजाची नक्कल करण्याविरुद्ध अंतरिम संरक्षण दिलं. तर्क व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचा आहे, फ्रेंच मोंताजच्या गुन्ह्यासारखा फौजदारी नाही. दोन्ही आदेश फार लांब नाहीत, मूळच वाचा, बातमीवर थांबू नका.

शिक्षणाच्या बाजूला २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात जीडीपीआरच्या बाविसाव्या कलमासारखं काही नाही. पण आपल्याकडे माहिती अधिकार कायदा २००५ आहे. त्याच्या कलम ४(१)(घ) नुसार प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला द्यावी लागतात. ऑगस्ट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय खटल्यात सांगितलं, की परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे. आता तीच उत्तरपत्रिका सॉफ्टवेअरने तपासली असेल, आणि ते सॉफ्टवेअर खासगी कंपनीचं असेल, तर काय पाहायला मिळणार? कलम ८(१)(घ) मध्ये व्यापारी गुपिताचा अपवाद आहे. पार्कूरसुपच्या गुप्ततेच्या कलमाचा हा आपला भाऊबंद. ४(१)(घ) आणि ८(१)(घ) एका कागदावर समोरासमोर लिहून काढा, आणि मग केंद्रीय माहिती आयोगाचे परीक्षांबाबतचे आदेश शोधायला बसा. ते आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आणि हो, कोड मिळालाच तर पीडीएफ मागा, छापील वीस पानं नकोत.